अंगाला सवय होत नाही: कारखान्यातल्या रसायनांची ॲलर्जी ओळखण्यापासून नोंदवण्यापर्यंत

"होईल सवय. आम्हालाही सुरुवातीला व्हायचं." भोसरीतल्या एका पेंट शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो, तेव्हा नव्या पोरांना हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळायचं. मीही ते ऐकवलेलं आहे. धाराशिवकडून आलेला एक पेंटर होता, स्प्रे गनवर हात असा बसलेला की पॅनेलवर एक ओघळ यायचा नाही. दोन वर्षं त्याला काही झालं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात आधी सर्दी-शिंका, मग खोकला, मग पहाटे तीनला उठून उशीला टेकून बसणं. आम्ही हवेला दोष दिला, मोशीच्या धुळीला दिला. त्याला तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. दिवाळीला बारा दिवस गावी गेला तेव्हा शांत झोपला. परत आला आणि दुसऱ्याच रात्री पुन्हा तेच. निदान व्हायला आठ महिने गेले. रंग घट्ट करणाऱ्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाची ॲलर्जी आणि त्यातून दमा. पेंटिंग कायमचं सुटलं, आणि सुटूनही दमा पुरता गेला नाही, कारण तोवर फार उशीर झाला होता.

पुढे मी सुरक्षा विभागात आलो. अशी माणसं मग एकामागून एक दिसू लागली, कारण आता मी बघत होतो. ते आठ महिने कुणाचे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. कामगाराने वाचावं, त्याच्या घरच्यांनी वाचावं, आणि दहा-पंधरा माणसांचं युनिट चालवणाऱ्या मालकानेही वाचावं.

नेमकं काय होतं

रसायनाचा त्रास दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची गल्लत फार होते. थिनरने हात धुतले की कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, चुरचुरतं. हा जळजळीचा त्रास. रसायन जितकं जास्त, तितका त्रास जास्त, आणि तो कुणालाही होऊ शकतो.

ॲलर्जीचं गणित वेगळं आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या रसायनाला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. वैद्यकीय भाषेत याला संवेदीकरण म्हणतात. हे शिकणं चालू असताना बाहेर काहीच दिसत नाही. काहींच्या बाबतीत ते काही आठवड्यांत होतं, काहींच्या बाबतीत दहा-दहा वर्षांनी. म्हणूनच "इतकी वर्षं हेच काम करतोय, आत्ताच कसं होईल?" या प्रश्नात ॲलर्जी नसल्याचा कुठलाही पुरावा नाही. एकदा शरीर शिकलं की ते सहसा विसरत नाही, आणि मग अगदी थोडं रसायनही पुरतं. रंग फवारायच्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, पाऊल न टाकता, नुसतं शेजारच्या खात्यात उभं राहून दम लागलेली माणसं मी पाहिली आहेत. शेजारच्या दहा जणांना काही होत नाही आणि एकालाच होतं, तेव्हा त्याला नाजूक ठरवलं जातं. त्याच्या प्रकृतीचा कच्चेपणा इथे नसतो. त्याचं शरीर शिकलं, बाकीच्यांचं अजून शिकलेलं नाही, एवढंच.

ही ॲलर्जी मुख्यतः दोन ठिकाणी उमटते. कातडीवर इसब होऊन, किंवा श्वासात, म्हणजे शिंका, नाक गळणं, खोकला, घरघर, दमा. अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधीही काहींना येतात.

पुण्यात हे कुठे कुठे भेटतं

केमिकल म्हटलं की लोकांना कुरकुंभची केमिकल एमआयडीसी आठवते. पण मला हा त्रास जास्त दिसला तो ज्यांना कुणी केमिकल कारखाना म्हणत नाही अशा जागी.

सगळ्यात आधी दोन घटकांचे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे, रंग. डबा वेगळा, हार्डनर वेगळा, मिसळून मारायचा. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वाहनांचे सुटे भाग रंगवणारी चाकण-भोसरीची खाती, अपघाती गाड्यांची गॅरेजं, आणि वाकड-बाणेरच्या नव्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून पीयू पॉलिश मारणारे सुतार, सगळे याच रांगेत. फोम बनवणारेही. दुसरं इपॉक्सी. कारखान्याच्या चकचकीत जमिनी ओतणारे, मोटारीच्या वाइंडिंगवर रेझिन भरणारे. न सुकलेलं इपॉक्सी कातडीसाठी फार वाईट. पावडर कोटिंगच्या काही पावडरींमध्ये ॲनहायड्राइड असतात, ते थेट श्वासावर जातात. सोल्डरिंगच्या फ्लक्समधली राळ तापली की तिच्या धुराने दमा होऊ शकतो. सिमेंटमधलं क्रोमेट गवंड्यांचे हात फाडतं. निकेल आणि कोबाल्ट प्लेटिंगमध्ये आणि कार्बाइड टूलच्या धारेवर भेटतात. औषध कारखान्यात पेनिसिलिनसारख्या औषधांची भुकटी, पार्लरमध्ये ब्लीचमधलं परसल्फेट आणि केसांच्या रंगातलं पीपीडी.

मशीन शॉपमधल्या कूलंटबद्दल, म्हणजे धातू कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सीएनसी-व्हीएमसीसारख्या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करणारी पोरं पुण्यात सगळीकडे आहेत. आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. संप, म्हणजे मशीनची कूलंटची टाकी, दिवसभर निपचित पडून राहतो, वर तेलाची साय येते, खाली हवा जात नाही, जंतू वाढतात आणि शुक्रवारी सकाळी मशीन चालू केलं की कुजका वास येतो. मग कुणीतरी अंदाजाने जंतुनाशकाचा डबा ओततो. त्या जंतुनाशकांत आयसोथायाझोलिनोन असतात किंवा हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्यं असतात, आणि दोन्ही कातडीच्या ॲलर्जीची नेहमीची कारणं आहेत. हात फुटलेल्या ऑपरेटरची चौकशी करताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: संपात कोण, किती आणि कशाने मोजून टाकतं?

पहिली पायरी: तारखेसकट लिहा

सगळ्यात मोलाची गोष्ट फुकट आहे. शंभर पानी वही. रोज चार ओळी: आज कुठल्या मशीनवर किंवा खात्यात, कोणतं रसायन हाताळलं, त्रास किती वाजता सुरू झाला, किती वाजता कमी झाला.

वेळ लिहायला मी इतकं का सांगतो, तर ॲलर्जी उशिरा येते आणि म्हणून फसवते. कातडीची प्रतिक्रिया साधारण एक ते तीन दिवसांनी उमटते. सोमवारी इपॉक्सी लागलं आणि बुधवारी खाज सुटली, तर माणूस बुधवारच्या जेवणाला दोष देतो. श्वासनलिका कधी मिनिटांत आवळते, तर कधी चार ते आठ तासांनी. फर्स्ट शिफ्टचा माणूस दुपारी घरी जातो आणि रात्री खोकतो. घरच्यांना वाटतं घरात काहीतरी आहे. उदबत्ती बंद होते, मांजर हाकललं जातं, गादी बदलली जाते.

सुट्टीतला फरक वेगळ्या शाईने लिहा. गुरुवारी बरं वाटतं का? की एका दिवसात उतार पडत नाही आणि गणपतीला पाच-सहा दिवस गावी गेल्यावरच पडतो? जुना त्रास एका सुट्टीत हलत नाही, म्हणून लांबची सुट्टी जास्त बोलकी असते. परतल्यावर कितव्या दिवशी पुन्हा सुरू झालं, तेही.

कातडीचा त्रास असेल तर मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत पुरळ निम्मं ओसरलेलं असतं. जागा नीट दाखवा: बोटांच्या बेचक्या, अंगठीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली, मनगटावर ग्लोव्हज संपतात तिथे. पापण्या, मान आणि कानामागे असेल तर रसायन हवेतून येत असण्याची शक्यता मोठी.

इथे पुण्यापुरती एक महत्त्वाची अडचण आहे. पापण्या-मानेवरचं हेच चित्र गाजर गवतानेही होतं. हे गवत भारतात 1955-56 च्या सुमारास प्रथम नजरेत आलं ते पुण्यातच, आणि आज एमआयडीसीच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर ते कंबरेएवढं उभं असतं. तेव्हा शेताला जाणं, प्लॉट साफ करणं, कंपनीच्या कुंपणालगत डबा खायला बसणं, हेही वहीत यायला हवं. डॉक्टरांना दोन्ही धागे दिसले तरच त्यांना ते सोडवता येतील.

दुसरी पायरी: डबा वाचा

प्रत्येक औद्योगिक रसायनाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक येतं, शॉपमध्ये त्याला एमएसडीएस किंवा एसडीएस म्हणतात. सोळा विभाग असतात, पण तुम्हाला चारच पुरेत. विभाग 2 मध्ये धोका, 3 मध्ये घटक, 8 मध्ये कोणते ग्लोव्हज आणि मास्क, 11 मध्ये शरीरावरचा परिणाम.

विभाग 2 मध्ये दोन आकडे शोधा. एच 317 म्हणजे कातडीची ॲलर्जी होऊ शकते. एच 334 म्हणजे श्वासातून गेल्यास ॲलर्जी, दमा किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. एच 334 असेल तिथे लाल चौकोनात माणसाच्या छातीवर तारा फुटल्यासारखं चित्र असतं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी हे चित्र आणि हे तीन अंक ओळखता येतात, आणि मी ते शिफ्ट सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत शिकवत आलो आहे.

अडचण येते ती छोट्या डब्यांची. मोठ्या ड्रममधून रसायन पाण्याच्या बाटलीत काढलं जातं आणि बाटलीवर काहीच लिहिलेलं नसतं. अशा वेळी मूळ ड्रमच्या लेबलचा फोटो घ्या: उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, घटकांपुढचा सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक. डॉक्टरांना "ते पिवळं केमिकल" सांगून काही हाती लागत नाही. पत्रक मागणं हा कामगाराचा हक्क आहे. कारखाने अधिनियम 1948 मध्ये तो कलम 111-अ खाली होता, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही माहिती मागण्याचा हक्क आहे. तोंडी मागून मिळालं नाही तर लेखी मागा.

आयसोसायनेटबद्दल भोपाळची आठवण काढून नेहमी विचारलं जातं. 1984 मध्ये तिथे सुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता, फार लवकर हवेत उडणारा आणि तीव्र विषारी. रंगातले आणि फोममधले आयसोसायनेट त्याच कुळातले पण वेगळे. ते तसे एका रात्रीत माणसं मारत नाहीत, ते फवाऱ्याच्या सूक्ष्म थेंबांतून आत जातात आणि शरीराला शिकवतात. फोममध्ये वापरल्या जाणाऱ्या टोल्यूइन डायआयसोसायनेटसाठी कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची मर्यादा 0.005 पीपीएम दिली होती, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत फक्त 5 भाग. इतक्या कमी प्रमाणात नाकाला काही कळत नाही. बूथमध्ये जो वास येतो तो थिनरचा. "वास गेला, मास्क काढा" हा नियम म्हणूनच चुकीचा आहे.

तिसरी पायरी: डॉक्टरांकडे, पण मलमाच्या वाटेने नको

खाज सुटली की पहिला थांबा मेडिकलचं दुकान असतो. तिथून मिळते स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब. दोन दिवसांत लाली ओसरते, माणूस पुन्हा त्याच कामावर जातो, पुन्हा उठतं, पुन्हा ट्यूब. महिनोन्महिने तीच लावली की कातडी पातळ होते. आणि मुळात गजकर्ण असेल तर ते स्टेरॉइडखाली पसरत राहतं आणि ओळखू येईनासं होतं. कृपा करून हे करू नका. हाताचा इसब, गजकर्ण आणि खरूज यांतला फरक त्वचारोगतज्ज्ञालाच करू द्या.

कातडीच्या ॲलर्जीसाठी पॅच टेस्ट करतात. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढून पाहतात, आणि मग 72 किंवा 96 तासांनी पुन्हा पाहतात. दुसऱ्या वेळचं पाहणं चुकवू नका. काही प्रतिक्रिया तेव्हाच उमटतात, आणि रजा नाही म्हणून लोक नेमके तिथेच गळतात. पाठ ओली करायची नाही, घाम टाळायचा, जड उचलायचं नाही. एप्रिल-मे टाळता आला तर बरं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, निकाल दबला जातो. नेहमीच्या संचात निकेल, क्रोमेट, फॉर्माल्डिहाइड, राळ, रबराची रसायनं असतात, पण तुमच्या शॉपमधलं रेझिन नसेलही. वही आणि पत्रक तिथेच कामी येतं. डॉक्टरांनी मागितलं तर नमुना बंद डब्यात, लेबल लावून न्या. घरी स्वतःच्या हातावर रसायन लावून पाहणं मात्र कधीच नको. तीव्र रसायनाने भाजतं, आणि नसलेली ॲलर्जी त्यातून लागू शकते.

पॅच टेस्ट सगळीकडे होत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे त्वचारोग विभाग आणि काही खासगी त्वचारोगतज्ज्ञ करतात. जाण्याआधी फोन करून विचारा.

श्वासाचा त्रास असेल तर छातीरोगतज्ज्ञ. इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा: दम्यात छातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो, आणि बरं वाटत असलेल्या दिवशी केलेली स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी, तीही स्वच्छ येऊ शकते. आयसोसायनेटच्या रक्ततपासणीचंही तसंच, ती निगेटिव्ह आली म्हणून ॲलर्जी नाही असं ठरत नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत "नॉर्मल" शिक्का मारून परत आलेली बरीच माणसं पुढे दम्याची निघाली.

याला उपाय आहे तो पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची नळी, जोरात फुंकायची, काटा पुढे जातो. काही शे रुपयांत मिळते. दिवसातून किमान चार वेळा, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. उठल्यावर, कामाच्या मध्यात, काम संपल्यावर, झोपण्याआधी. शक्य असेल तर दोन आठवडे कामावरचे आणि दोन आठवडे कामापासून दूरचे. इनहेलर घेतला असेल तर त्याची वेळही. कामाच्या दिवसांत आकडे घसरतात आणि सुट्टीत वर येतात असं दिसलं, किंवा एकाच दिवसातल्या मोठ्या आणि लहान आकड्यात वीस टक्क्यांहून जास्त फरक पडत राहिला, तर तो कागद डॉक्टरांसाठी कुठल्याही महागड्या तपासणीइतका मोलाचा आहे. आकडे मनाने भरू नका. एखादी वेळ राहिली तर रिकामी सोडा.

आणि हे नोंदवणं चालू असताना त्रास वाढला तर नोंद बाजूला ठेवा. धाप इतकी की वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर, आवाज घोगरा, ओठ किंवा जीभ सुजलेली, चक्कर, असं काही दिसलं तर त्या जागेतून बाहेर काढा आणि 108 ला फोन करा. दम लागलेल्याला आडवं करू नका, टेकून बसवा, त्याचा सालब्युटामोलचा पंप असेल तर द्या. एकट्याला दुचाकीवर दवाखान्यात पाठवू नका.

चौथी पायरी: शॉपमध्ये काय बदलायचं

कुणाला एकाला त्रास झाला की त्याला मास्क देऊन विषय संपवला जातो. मी उलट्या टोकाने सुरुवात करायला सांगतो. ते रसायन लागतंच का? दुसरं चालेल का? चालत नसेल तर ते बंदिस्त करता येईल का, हवा ओढून घेता येईल का, हात लावण्याऐवजी साधन वापरता येईल का? ग्लोव्हज आणि मास्क शेवटी. आणि पर्याय निवडताना त्याचंही पत्रक वाचा, कारण पाण्यावर आधारलेले म्हणून विकले जाणारे काही रंग दोन घटकांचेच असतात आणि त्यांच्या हार्डनरमध्येही आयसोसायनेट असतं.

फवाऱ्याच्या कामात कापडी रुमाल आणि धुळीचा मास्क वाफेपुढे कुचकामी. मास्कमधलं कोळशाचं काडतूस कधी भरलं हे आयसोसायनेटच्या बाबतीत वासावरून कळत नाही, म्हणून बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा. गन बंद केल्यावरही धुकं बूथमध्ये तरंगत असतं. रंग बघायला लगेच मास्क वर करायची सवय जवळजवळ प्रत्येक पेंटरला असते. बूथ रिकामा व्हायला किती मिनिटं लागतात ते एकदा मोजून घ्या आणि तेवढा वेळ दारावर मोठ्या अक्षरात लिहा. फ्लॅटमध्ये पॉलिश करणाऱ्यांना बूथ नसतो. तिथे फवाऱ्याऐवजी ब्रश, खिडक्या सताड उघड्या, आणि त्या खोलीत त्या रात्री कुणी झोपायचं नाही. कामगार साइटवरच मुक्काम करतात म्हणून हे मुद्दाम लिहितो. आयसोसायनेट कातडीवर लागूनही शरीर शिकू शकतं, आणि मग त्रास छातीत उमटतो. म्हणून बाह्या लांब, हात झाकलेले.

ग्लोव्हजवर लोकांचा आंधळा भरवसा असतो. पातळ लेटेक्समधून इपॉक्सी आणि सॉल्व्हंट पार होतात. नायट्राइल बरं, पण पातळ नायट्राइलमधून ॲक्रिलेट काही मिनिटांतच आत येतं, आणि नट-बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून लावायच्या चिकट द्रवात तेच असतं. एकदा भिजलेला ग्लोव्ह उलटा करून पुन्हा घालणं हे न घालण्यापेक्षा वाईट, कारण आत रसायन कोंडलेलं राहतं. ग्लोव्हजमधल्या रबराच्या रसायनांचीही ॲलर्जी होते. ग्लोव्हज घालूनच हात जास्त बिघडत असतील तर हा धागा डॉक्टरांना सांगा, रबराची ती रसायनं नसलेले ग्लोव्हज मिळतात.

हात थिनर, केरोसीन, पेट्रोल कशानेच धुवायचे नाहीत. कातडीचं वरचं तेल निघालं की ॲलर्जी करणाऱ्या पदार्थाला दार उघडं. सौम्य साबण, कोमट पाणी, नीट पुसणं, शिफ्टनंतर व्हॅसलीन किंवा खोबरेल. कातणाची बारीक कीस चिकटलेल्या कॉटन वेस्टने, म्हणजे पुसायच्या सुताच्या गुंत्याने, हात पुसू नका, ती कातडी खरवडते. कॉम्प्रेस्ड हवेने कपडे झटकू नका.

कूलंटसाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्या, रोज तीव्रता मोजा, संपावरची साय काढा, जंतुनाशक मोजूनच टाका आणि टाकणाऱ्याचं नाव लिहा. व्हीएमसीचं दार उघडण्याआधी धुकं बसू द्या.

कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले जातात, आणि ते धुणाऱ्या बाईचे हात फुटतात. हे मी दोन घरांत पाहिलं. कपडे बदलून या, वेगळ्या पिशवीत आणा, वेगळे धुवा.

पाचवी पायरी: कागदावर आणा

निदान झालं, किंवा दाट संशय आहे असं डॉक्टरांनी म्हटलं, की ते लेखी घ्या. चिठ्ठीत "दमा" एवढंच नको. "कामाच्या ठिकाणी अमुक रसायनाच्या संपर्काशी संबंधित" असं असावं. त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहतं.

रसायनं आणि रंगांच्या थेट संपर्काने होणारा त्वचारोग कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या 29 सूचनीय रोगांमध्ये होता आणि त्यात ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांचा स्पष्ट उल्लेख होता. आयसोसायनेटची विषबाधाही त्याच यादीत. नव्या संहितेतही अशी यादी आहे. अशा रोगाची खबर सरकारला देणं कारखान्यावर आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही बंधनकारक आहे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतं. जुने कामगार त्याला अजून फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात.

ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे त्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, सहसा लागू असतो. कंत्राटी कामगारांनाही. जुन्या ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक त्वचारोग आणि कामाच्या पदार्थामुळे होणारा दमा, दोन्ही होते, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. पैशात याचा अर्थ मोठा आहे. साध्या आजारपणाची रजा पगाराच्या सुमारे 70 टक्के देते आणि ती वर्षाला 91 दिवसांपुरती. व्यावसायिक रोग म्हणून मान्य झाला तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सुमारे 90 टक्के. मान्यतेचा निर्णय ईएसआय महामंडळाचं वैद्यकीय मंडळ घेतं आणि तिथे तुमची वही, पीक फ्लोचे आकडे, पत्रकाची प्रत आणि हजेरी मांडावी लागते. बिबवेवाडी आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची रुग्णालयं आहेत. पहिल्याच भेटीत काम काय करता हे केसपेपरवर लिहून घ्या. नंतर सांगितलेलं नंतरचं वाटतं. ईएसआय नसेल तर त्याच संहितेखाली कर्मचारी नुकसानभरपाईचा दावा होतो, आणि या रोगांसाठी तिथे एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने नोकरी ही अट आहे.

कंत्राटी कामगारांची सगळ्यात मोठी अडचण हीच. दर पाच महिन्यांनी ब्रेक देऊन नाव बदललं जातं आणि सलग नोकरी कागदावर दिसत नाही. म्हणून गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेत आलेल्या पगाराची नोंद, पीएफचा क्रमांक जपून ठेवा. साहेबांना त्रास तोंडी सांगितला असेल तरी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका. तारीख आपोआप राहते.

सहावी पायरी: काम बदलणं

हे लिहिताना मला जड जातं, कारण ज्याच्या हातात कसब आहे त्याला ते सोड म्हणायचं असतं. कातडीच्या ॲलर्जीत पुष्कळदा मधला मार्ग निघतो. नेमका पदार्थ कळला, तो टाळला, ग्लोव्हज बदलले, की माणूस त्याच शॉपमध्ये राहू शकतो. आयसोसायनेटच्या दम्यात मात्र मी कुणाला मधला मार्ग सुचवणार नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून संपर्क जितका लवकर तुटेल, तितकी छाती पूर्ववत होण्याची आशा जास्त. पंप घेत घेत त्याच बूथमध्ये उभं राहणं म्हणजे दरवाजा बंद होत असताना बघत बसणं.

मालकांना माझी विनंती अशी: त्या माणसाला दुसऱ्या खात्यात त्याच पगारावर घ्या. चांगला पेंटर रंगाचा दोष लांबून ओळखतो, इन्स्पेक्शनला त्याच्याइतका उपयोगी दुसरा कुणी नाही. पण तिथे बूथची हवा येत नाही ना, हे आधी बघा. आणि एक आजारी पडला म्हणजे बाकीच्यांची तपासणी आजच लावा. त्याच हवेत ते अजून उभे आहेत.

शेवटचं काम म्हणजे एक कार्ड. ज्या पदार्थाची ॲलर्जी ठरली त्याचं नाव मराठीत आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या, सीएएस क्रमांकासकट, आणि लॅमिनेट करून पाकिटात ठेवा. नव्या नोकरीत काम सुरू करायच्या आधी हे दाखवायचं. कारखान्याबाहेरही ते लागतं. ॲक्रिलेटची ॲलर्जी असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. पीपीडीची असेल तर लग्नात केसांना काळा रंग नको आणि हातावर काळी मेंदीही नको. क्रोमेटची असेल तर चामड्याच्या बुटांनी पाय उठू शकतात. निकेलची असेल तर बेन्टेक्सच्या दागिन्यांनी आणि पँटच्या बटणाने. त्या धाराशिवच्या पेंटरच्या पाकिटात असं कार्ड आहे. मागच्या वर्षी नव्या घराचं फर्निचर करून घेताना त्याने ते सुतारापुढे ठेवलं, आणि पॉलिश घरात न मारता शेडमध्ये मारून, पुरतं सुकल्यावरच फर्निचर घरात आलं.